क्यूफील्ड ॲप: तीन वर्षं विहिरी मोजून झाल्यावर

क्यूफील्ड हे नकाशावर नोंदी भरायचं मोबाईल ॲप आम्ही धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातल्या एका पाणलोटात सलग तीन वर्षं विहिरींची पाणीपातळी मोजायला वापरलंय. दोन दिवस उघडून बघितलं आणि रिव्ह्यू टाकला असं नाही. भूजलाचं फील्डवर्क करणारे, जलसंधारणाच्या संस्थांत काम करणारे, आणि जिऑलॉजीचे पोरंपोरी ज्यांना प्रोजेक्टसाठी गावोगाव फिरायचंय, त्यांच्यासाठी लिहायलेय. आधीच सांगते, पाच पैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला तेही खाली येईल.

आधी आमच्याकडं वही होती. वहीत आकडे व्यवस्थित असायचे, पण विहीर सापडायची नाही, खरी अडचण ही होती. म्हणजे जानेवारीच्या पानावर 'पिंपळाची विहीर' लिहिलेलं, मार्चला दुसरा पोरगा गेला त्यानं गट नंबर लिहिला आणि पुढं 'उत्तरेची', मे महिन्यात तिसरा गेला त्यानं मालकाचं नाव लिहिलं, आता मालक चार भाऊ आणि विहीर सामाईक, त्यातल्या दोघांच्या स्वतःच्या वेगळ्या विहिरी आहेतच. वर्षाच्या शेवटी ग्राफ काढायला बसलं की एका विहिरीचं पाणी भर मे महिन्यात दोन मीटरनं वर आलेलं दिसायचं. पाणी कुठलं वर येतंय, ती विहीरच वेगळी होती. असे आकडे फेकून द्यावे लागतात, आणि त्या आकड्यासाठी कुणीतरी दुपारच्या उन्हात चार किलोमीटर चाललेलं असतं.

मी २०१६ ला कॉलेजात होते, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. तेव्हा सगळे विचारायचे की पाणी गेलं कुठं. ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तीच विहीर, त्याच खुणेपासून, वर्षानुवर्षं मोजलेली लागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा म्हणजे जीएसडीए हे काम आपल्या निरीक्षण विहिरींवर कितीतरी वर्षांपासून करतेय, पण त्यांची एका गावात फार तर एखादी विहीर असते. आपल्याकडचा खडक काळा पाषाण, एका शेतात मुरूम वीस फूट आणि बांधाच्या पलीकडं सहा फुटांवर कातळ लागतो, त्यामुळं एका विहिरीवरून गावाचं पाणी सांगता येत नाही. गावातल्या तीस-चाळीस विहिरी धराव्याच लागतात. मग एवढ्या विहिरी, वर्षातनं चार वेळा, वेगवेगळी माणसं, आणि नाव-नंबरात घोळ होऊ द्यायचा नाही, ह्यासाठी आम्ही क्यूफील्डवर आलो.

आता ॲप काय आहे ते. क्यूजीआयएस नावाचं नकाशाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, २००२ पासून चालू, ओपन सोर्स. क्यूफील्ड हा त्याचा मोबाईलवरचा भाऊ समजा, स्वित्झर्लंडमधल्या लोकांनी बनवलेला, तोही फुकट. कॉम्प्युटरवर क्यूजीआयएसमध्ये नकाशा आणि फॉर्म तयार करायचा, त्याचं एक पॅकेज करून फोनमध्ये टाकायचं, शेतात जाऊन भरायचं, परत आल्यावर कॉम्प्युटरशी सिंक करायचं. क्लाउडवरनंही होतं, पण आमच्या दोन गावांत रेंज नाही म्हणून आम्ही केबलनंच करतो. शेतात इंटरनेट अजिबात लागत नाही, आणि माझ्या दृष्टीनं निम्मे मार्क इथंच मिळाले. पाठीमागचा सॅटेलाईटचा नकाशासुद्धा आधीच फोनमध्ये भरून नेता येतो, बांध, नाला, शेततळं सगळं दिसतं.

फॉर्म आपल्याला पाहिजे तसा बनवता येतो आणि पूर्ण मराठीत. खान्यांची नावं मराठीत, पर्याय मराठीत, आमचा गावातला जलसेवक बारावी झालेला पोरगा आहे, त्याला शिकवायला एक दुपार पुरली. दोन टेबलं केली. एका टेबलात विहीर, तिचा नंबर, खोली, व्यास, बांधकाम, आडवे बोअर किती आणि कुठल्या दिशेनं, खालून वर कुठला खडक दिसतो. दुसऱ्या टेबलात रीडिंग. दोन्ही एकमेकांना जोडलेली, म्हणजे नकाशावर विहिरीच्या टिंबावर बोट ठेवलं की तिची आधीची सगळी रीडिंगं खाली उघडतात आणि नवीन रीडिंग त्याच विहिरीच्या नावावर पडतं, नाव टाईप करायचा प्रश्नच येत नाही. कोबो वगैरे ॲप पण मी वापरलेत, एकदाच जाऊन प्रश्नावली भरायची असेल तर ते जास्त सोपं आहे, पण त्याच विहिरीवर परत परत जायचं असेल तर नकाशावर बोट ठेवणं ह्याला तोड नाही.

एक विहीर कशी मोजतो ते सविस्तरच सांगते, कारण ॲपचा उपयोग तिथंच कळतो. मे महिन्यात आम्ही सकाळी सहाला निघतो. विहिरीवर पोचलं की फोनवर निळं टिंब आपलं आणि लाल टिंब विहिरीचं. उघड्या रानात फोनचा जीपीएस तीन ते पाच मीटरपर्यंत बरोबर असतो, तेवढं पुरतं, पण एक ठिकाण असं आहे की भावकीत वाटण्या झाल्या आणि धाकट्यानं जुन्या विहिरीपासून वीस फुटांवर स्वतःची विहीर पाडली. वीस फूट म्हणजे सहा मीटर. फोनला तिथं दोन्ही विहिरी एकच. पहिल्या वर्षी आमचा पोरगा धाकट्याच्या विहिरीत टेप सोडायलाच लागला होता तेवढ्यात थोरले तात्या बांधावरनं ओरडले, "आरं ती न्हवं, ती परवाची हाय, थोरली हिकडं!" तेव्हापासून प्रत्येक विहिरीला फॉर्ममध्ये फोटो जोडलाय, मोजायच्या खुणेचा फोटो. कठड्यावर ऑइल पेंटनं लाल बाण काढलेला असतो, त्या बाणापासूनच टेप सोडायची, फोटो आणि बाण जुळले तरच पुढं जायचं.

मग टेप. समजा बाणापासून पाण्यापर्यंत ९.४० मीटर आली, कठडा जमिनीपासून ०.७५ मीटर उंच आहे, तर जमिनीपासून पाणी ८.६५ मीटरवर. ही वजाबाकी वहीत लोक विसरायचे, किंवा एकदा करायचे एकदा नाही. इथं कठड्याची उंची विहिरीच्या टेबलात एकदाच भरलेली आहे, वजाबाकी फॉर्म स्वतः करतो. तारीख-वेळ आपोआप येते. आणि खान्यांना अटी घालता येतात, म्हणजे पाण्याची खोली विहिरीच्या खोलीपेक्षा जास्त टाकली तर फॉर्म सेव्हच होऊ देत नाही. ९.४ च्या जागी ९४ टाईप झालं तर तिथंच, विहिरीच्या काठावर कळतं, महिनाभरानं ऑफिसात नाही. आमच्याकडं म्हातारी माणसं अजून परसात, म्हणजे माणसाच्या उंचीवरनं धरलेल्या मापात, खोली सांगतात, "सात परस हाय" म्हणतात, आणि एकाचा परस दुसऱ्याच्या परसाएवढा नसतो, म्हणून खोली एकदा टेपनंच घेतली.

अजून एक खाना मी सगळ्यांना घालायला सांगीन, 'मोटार कधी बंद झाली'. शेतीची लाईट कधी दिवसा कधी रात्री, पाळी आठवड्याला बदलते. रात्री लाईट होती आणि पहाटेपर्यंत मोटार चालू होती तर सकाळी सातला दिसणारं पाणी हे उपसलेल्या विहिरीचं पाणी आहे, जमिनीतल्या पातळीचं नाही. आडवे बोअर असलेल्या विहिरी लवकर भरून येतात, नुसत्या पाझरावरच्या विहिरींना दिवस लागतो. आम्ही फॉर्ममध्ये बारा तासांपेक्षा कमी झाले असतील तर रीडिंग पिवळं दाखवायचं ठेवलंय, नकाशावर पिवळी टिंबं दिसली की परत एकदा जायचं. ही सोय वहीत कशी करणार तुम्हीच सांगा.

आता जिथं जपून राहायचं त्या गोष्टी.

पहिली, उंची. फोन उंची दाखवतो आणि नवीन माणूस तीच धरून पाण्याच्या पातळीचा नकाशा काढतो. असं करू नका. सॅटेलाईटवरनं येणारी कच्ची उंची ही समुद्रसपाटीपासूनची नसते, पृथ्वीचा जो गणिती आकार धरलेला असतो त्याच्यापासून असते, आणि आपल्या भागात ह्या दोन्हीत सत्तर मीटरच्या आसपास फरक पडतो. गाव ६५० मीटरवर असलं तर कच्ची उंची ५८० च्या आसपास येते. क्यूफील्डमध्ये ही दुरुस्ती करायची सेटिंग आहे, त्याची फाईल वेगळी टाकावी लागते. आमच्याकडं दोन फोन होते, एकात दुरुस्ती चालू आणि एकात बंद, तर कॉम्प्युटरवर नकाशा काढल्यावर नाल्याच्या अलीकडच्या विहिरी डोंगरावर आणि पलीकडच्या खड्ड्यात. बरं, दुरुस्ती केली तरी साध्या फोनची उंची दहा-दहा मीटर इकडंतिकडं होते, आणि आपल्याला विहिरी-विहिरींतला फरक एक-दोन मीटरचा बघायचा असतो. आम्ही आता फोनची उंची घेतच नाही. मोठ्या नकाशासाठी एसआरटीएम नावाचा जमिनीच्या उंचीचा डेटा घेतो, २००० साली अंतराळयानातून रडारनं मोजलेला, फुकट मिळतो, त्यातही काही मीटरची चूक असतेच. आणि जिथं पाणी कुठून कुठं सरकतंय हे नक्की सांगायचंय त्या पंधरा विहिरींना डम्पी लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) लावून उंची जोडून घेतली, चार दिवस गेले पण परत करायची गरज नाही.

दुसरी गोष्ट डेटा जाण्याची, आणि ती चूक पूर्णपणे आमची होती. नवीन अँड्रॉइड फोनमध्ये ॲपच्या फाईली ॲपच्याच फोल्डरमध्ये राहतात, ॲप काढून टाकलं की फाईलीही जातात. मेमरी भरली म्हणून आमच्या पोरानं ॲप काढून परत टाकलं, दोन दिवसांची २३ रीडिंगं गेली. लगेच परत फिरलो म्हणून निभावलं, पावसाच्या तोंडावर झालं असतं तर तो उन्हाळाच गेला असता. आता नियम आहे, रोज संध्याकाळी सिंक, आणि सिंक झाल्यावर फाईल पेनड्राईव्हवर. शिवाय जलसेवक आकडा वहीतही लिहितो. हो, वही अजून आहे. ती काढू नका.

तिसरी, सुरुवातीचं काम. मी अर्धा स्टार इथं कापलाय. फोनवरचं सोपं आहे पण त्याआधी क्यूजीआयएसमध्ये प्रोजेक्ट बांधायला कुणीतरी येणारं लागतं. टेबलं जोडणं, अटी लिहिणं, पॅकेज करणं, पहिल्यांदा मला आठ दिवस लागले, ते पण इंग्रजी व्हिडिओ बघत बघत. मराठीत नीट शिकवणारं मला काही सापडलं नाही. गावातल्या पोरांनी स्वतःहून सुरू करायचं म्हटलं तर इथंच अडतात. आणि फोनची बॅटरी, जीपीएस चालू आणि मे महिन्याचं ऊन, दुपारपर्यंत फोन तापून स्क्रीन मंद होते, पॉवर बँक आणि ओला रुमाल दोन्ही जवळ ठेवा.

फुकट आहे म्हणून भरवसा नाही असं कुणी म्हणालं तर एक सांगते. ह्याच्या आधी आम्ही एका कंपनीचं पैसे देऊन घेतलेलं ॲप वापरलं होतं, नाव घेत नाही. दिसायला फार छान, पण डेटा त्यांच्या सर्व्हरवर. वर्षभरानं त्यांनी सेवा बंद केली आणि आमच्या हातात एक अर्धवट एक्सेल आली, फोटो नाहीत, जागा नाहीत. क्यूफील्डमध्ये सगळा डेटा जिओपॅकेज नावाच्या एका फाईलीत असतो, ती आपल्याच कॉम्प्युटरवर, ॲप उद्या बंद पडलं तरी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते. गावाच्या पाण्याचा हिशोब गावाच्या हातात राहिला पाहिजे, मला ह्या बाबतीत तडजोड मान्य नाही.

बोअरचं थोडक्यात. विहिरीला साधी टेप चालते, बोअरला पाण्याला टेकली की बीप वाजणारी टेप लागते, पण आतला पाईप ओला असला किंवा वरच्या थरातनं पाणी झिरपत असलं की ती वरच बीप देते, म्हणून तीन वेळा सोडायची आणि तिन्ही आकडे जुळले तरच फॉर्म भरायचा. ऑटोमॅटिक लॉगरही एका विहिरीत लावून बघितला, दर तासाला पातळी नोंदवतो. तो पाण्याचा आणि वरच्या हवेचा दाब एकत्र मोजतो, म्हणून हवेचा दाब वेगळा मोजून वजा करावा लागतो, नाहीतर दिवसातनं तीन-चार सेंटिमीटर पातळी उगाच वर-खाली झालेली दिसते. चांगली वस्तू आहे, पण महाग, आणि मोटार वर ओढताना दोरी अडकते. तीस विहिरींसाठी फोन आणि टेपच.

कॉम्प्युटरवर दिसलं म्हणजे खरं, हे आपल्याकडं फार खपतं आणि मला त्याची काळजी वाटते. आमच्या भागात एक माणूस जमिनीतलं पाणी शोधायचं मशीन घेऊन यायचा, फोनवर रंगीत चित्र काढून दाखवायचा, निळं म्हणजे पाणी, आणि पॉइंटचे पैसे घेऊन जायचा. नारळ फिरवणाऱ्या पाणाड्यावर पोरं शंका घ्यायची, पण ह्याच्यावर कुणी घेतली नाही कारण चित्र रंगीत होतं. एका घरानं त्याच्या सांगण्यावरनं सातशे फूट बोअर घेतलं, धूळ निघाली. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या खाली, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या खाली बोअर घ्यायवर निर्बंध आहेत, तरी गाड्या रात्रंदिवस चालूच आहेत. म्हणून आम्ही गावात नकाशा दाखवताना आधी टेप दाखवतो, आकडा कुठून आला ते दाखवतो, मग स्क्रीन.

आणि स्क्रीन दाखवल्यावर काय होतं ते बघण्यासारखं असतं. मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी मारुतीच्या पारावर लॅपटॉप लावला. मे आणि ऑक्टोबरच्या रीडिंगचा फरक काढला होता, सरासरी पाच मीटर पाणी वर आलेलं. सगळे खूश, विहिरी भरल्या म्हणून. मग तिथंच हिशोब मांडला. मुरमाड, सच्छिद्र पाषाणात पाणी मावायची जागा साधारण २ टक्के धरतात, म्हणजे पाच मीटर वाढ म्हणजे प्रत्यक्षात १० सेंटिमीटर पाण्याचा थर. शिवार ५०० हेक्टर. म्हणजे ५० कोटी लिटर. आकडा ऐकून अजून खूश. मग उसाचा हिशोब, पाटानं पाणी दिलं तर उसाला वर्षाला दोन मीटर पाणी लागतं, एका हेक्टरला २ कोटी लिटर. नुसत्या विहिरींवर भागवायचं म्हटलं तर सगळ्या गावाचं पाणी २५ हेक्टर उसात संपतं, बासष्ट एकर. थोडा वेळ कुणी बोललं नाही. गावात ऊस त्याच्याहून जास्त आहे हे पारावरच्या प्रत्येकाला माहीत होतं.

नंतर पाण्याचा उतार दाखवणारे बाण चालू केले, डोंगराकडच्या विहिरींकडनं नाल्याकडं, नाल्याकाठी ऊस. वरच्या आळीतल्या एक मावशी मागं उभ्या होत्या, त्यांची विहीर जानेवारीतच तळ गाठते. त्या पुढं आल्या, स्क्रीनवर स्वतःची विहीर ओळखली, लाल बाणाचा फोटो बघितला, आणि म्हणाल्या, "मंजी माझ्या हिरीचं पाणी खाली चाललंय व्हय गं, म्या आपली कर्माला दोष द्यायले." त्यावर खालच्या आळीतल्या दोघांची आणि वरच्यांची चांगलीच जुंपली. तासाभरानं ठरलं ते एवढंच की ह्या वर्षी वरच्या आळीत हरभऱ्याला दोन पाणी होईपर्यंत नवीन बोअरला ग्रामपंचायत हो म्हणणार नाही, आणि जानेवारीची रीडिंगं परत ह्याच पारावर दाखवायची. जानेवारीत दाखवली. मावशींच्या विहिरीत दीड मीटर पाणी होतं, आदल्या जानेवारीत अर्धा मीटर होतं. पाऊसही त्या वर्षी बरा झाला होता, त्यामुळं सगळं श्रेय त्या ठरावाला देत नाही, दोन-तीन कमी पावसाची वर्षं मोजल्याशिवाय मी ते म्हणणार नाही.

खर्चाचं विचारतात म्हणून, ॲप शून्य, क्यूजीआयएस शून्य, साधारण अँड्रॉइड फोन चालतो, शंभर मीटरची फायबर टेप, टोकाला बांधायला वजन, लाल ऑइल पेंटचा डबा आणि ब्रश. लॅपटॉप जुना असला तरी चालतो.

आमच्या फॉर्मची रिकामी फाईल आहे, खाने मराठीत, अटींसकट, पिवळ्या टिंबांसकट. पाहिजे असेल त्यांनी मागा, पाठवते, म्हणजे तुमचे ते आठ दिवस वाचतील. खडकाचे पर्याय तुमच्या भागाप्रमाणं बदला, आमच्यात मुरूम, मांजऱ्या (सच्छिद्र पाषाण), तांबडा थर आणि काळा पाषाण एवढेच आहेत. कठड्याच्या उंचीचा आणि मोटारीचा खाना मात्र काढू नका, आणि पावसाळ्यात कुणी कठडा वाढवून बांधला तर उंची नव्यानं मोजून घ्या, आमच्या दोन विहिरींचं तसं झालंय.